सोनबाच्या कवितेची मोजणी

५ जानेवारी २०२५, रविवार. अमरावती.

सकाळी साडेसहाला उठलो. पोहे. पेपर. नऊ वाजता अकोल्याहून जाई वहिनींचा फोन. दादाला जाऊन २३ फेब्रुवारीला वर्ष होतं. त्या दिवशी त्यांच्या वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे आणि दादाची कविता छापून वाटायची असं त्यांनी आणि आचलने ठरवलं आहे. आचल म्हणजे दादाची मुलगी, अकोल्यात नर्स आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, छपाईचं तुमीच पाहा. आपल्या घरात ते पुरी वाचलेले तुमी एकटेच."

मी हो म्हटलं. दुपारी झोप लागली नाही.

६ जानेवारी

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी ती कविता वाचलेली नाही.

दादाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये झेरॉक्स आणून दिली होती. 'सोनबाची सालं.' सोनबा म्हणजे आमचा आजा. नऊ वर्षांचा असताना त्याला ज्वारीच्या बदल्यात पाटलाकडे ठेवला, तो एकतीस सालं तिथेच राबला. लोक त्याला सालदार म्हणत. दादा म्हणायचा, सालदार कशाचा, गुलामच तो. दादा शाळामास्तर होता, त्याला असं सगळं लिहून ठेवायची सवय. झेरॉक्स आठ महिने माझ्या कपाटात गॅसच्या कागदांखाली होती. शेवटी त्याने फोनवर विचारलं, वाचली का. मी म्हटलं, "वाचली ना. छान आहे. फक्त एक ओळ फार वेळा येते, ती कमी कर." पहिल्या पानावर एक ओळ तीनदा दिसली होती, त्यावरून म्हटलं.  तो म्हणाला, "बरं. पाह्यतो." पुन्हा त्याने कवितेचा विषय काढला नाही. मीही नाही.

ठरवलं: वहिनींना फोन करून खरं सांगायचं. आज सोमवार, त्या दवाखान्यात तपासणीला गेल्या असतील. उद्या.

९ जानेवारी

फोन राहिला. पण त्याहून चांगला मार्ग सापडला. आता नुसती वाचली, तर उशिरा वाचली असं होईल. अभ्यास केला तर तसं कोणी म्हणू शकणार नाही, अभ्यासाला वेळ लागतोच. पुस्तकाला मी प्रस्तावना लिहिणार. विषय: छंद, यमक व पुनरुक्ती. मी साहित्यातला माणूस नाही, पण तेहतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. मोजता येत नाही अशी वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

वेळापत्रक: रोज पहाटे पाच ते सात. दहा दिवसांत मोजणी, पाच दिवसांत लेखन. २५ जानेवारीला काम खतम.

व्याकरणाचं पुस्तक, आलेखवही, लाल-निळे पेन आणले. बायको, माया, म्हणाली, "आधी वाचून तं घ्या एकदा." तिला म्हटलं, पद्धतशीर कामात वाचन सगळ्यात शेवटी येतं.

१४ जानेवारी

पहाटे उठणं जमलं नाही, थंडी आहे. नऊ ते अकरा बसतो. लघु म्हणजे एक मात्रा, गुरु म्हणजे दोन. लघुला निळा, गुरुला लाल. बारा कडवी झाली. एका ओळीत चौदा मात्रा, दुसरीत बारा, तिसरीत पंधरा. काहीच जुळत नाही. दादाचं गणित कच्चंच होतं, लहानपणी मीच त्याचे पाढे घ्यायचो. (तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तेव्हा हे उलटंही असेल.)

माया तिळाचे लाडू घेऊन आली आणि आलेखवहीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "कवितेचा सातबारा काढून राहिले का?" मी लाडू घेतला.

१९ जानेवारी, रविवार

आचल ट्रेनिंगसाठी अमरावतीला आली होती. दुपारी जेवायला. दादाची मूळ वही आणून दिली. माझे तक्ते दाखवले. तिने दोन ओळी तोंडातल्या तोंडात म्हटल्या, बोटं मिटली आणि म्हणाली, "काका, मात्रा कशाला? अक्षरं मोजा ना. सगळ्या ओळी आठच अक्षरांच्या हायेत. बाबा जात्यावरच्या गाण्यासारखं म्हणत."

मी पुढच्या आठवड्यात तिथे पोचणारच होतो.

तिला खरं सांगावं असं मनात आलं. पण तिने वही इतकी सांभाळून आणली होती, ओढणीत गुंडाळून. जेवताना म्हणाली, "आई सांगते, काका हुशार, बाबांची कविता काकांनीच धसास लावली." आमटी तिखट झाली होती. पाणी प्यायलो.

२० जानेवारी

मोठा शोध लागला. मूळ वहीत 'जी मालक, जी मालक' या प्रत्येक ओळीभोवती पेन्सिलचा बारीक गोल आहे. पहिल्या गोलाशेजारी दादाच्या अक्षरात: ललित म्हणतो, कमी कर.

म्हणजे त्याला पटलं होतं. मी न वाचता सांगितलं ते बरोबरच निघालं. काही माणसांना नजर असते, शेताच्या बांधावर उभं राहून मीही क्षेत्र सांगायचो.

काही गोलांवर रबर फिरवल्याचे डाग आहेत. दादा स्वच्छतेचा माणूस होता.

आज बऱ्याच महिन्यांनी हलकं वाटलं. वहिनींना सांगायची आता तेवढी गरज उरली नाही.

२७ जानेवारी

वेळापत्रकाप्रमाणे परवा काम संपायला हवं होतं. विषय खोल आहे. यमकाचा तक्ता पूर्ण. पहिल्या दोन ओळी जुळतात, तिसरी मोकळी, चौथी नेहमी तीच. यमकांना टक्के दिले.

कोंबड्याच्या आधी उठे
गोठा झाडे, शेन लोटे
हाक येता सोना म्हने
जी मालक, जी मालक

उठे-लोटे: साठ टक्के. कच्चं यमक.

बायकोले आला ताप
अंगनात मोजे माप
"जाऊ घरी?" "उद्या जाय."
जी मालक, जी मालक

ताप-माप: शंभर टक्के. प्रस्तावनेत उत्तम यमकाचा नमुना म्हणून हेच घेतलं. प्रस्तावना सहा पानं झाली.

२ फेब्रुवारी, रविवार

एकूण कडवी ४६. एकूण ओळी १८३. 'जी मालक' ४५ वेळा. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा कविता एकाच ओळीने व्यापली आहे. शेताचा चौथा हिस्सा असा पडीक असता तर कोणी मोजणी मान्य केली नसती.

एक गोष्ट लिहून टाकतो. झेरॉक्स मी एकदा उघडली होती, ऑफिसात, डबा खाताना.

दोन पायल्या जवारी
पोर सोडलं त्या दारी
माय वळून न पाहे
जी मालक, जी मालक

शेजारच्या टेबलवरच्या वाघमोडेंनी वाकून विचारलं, काय वाचता साहेब. मी म्हटलं, मीटिंगचे मिनिट्स. आणि कागद पिशवीत घातले. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं आमचा आजा कोण होता ते. कोणी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तर त्या वेळी ती ओळ जास्त वाटली ती निव्वळ तांत्रिक कारणाने.

६ फेब्रुवारी

छापखान्यात गेलो. मालक कुलदीप, तिशीचा पोरगा, कानात सतत इअरफोन. तो म्हणाला, "काका, सोळा पानं करा नाईतर चोवीस करा. मंधातलं काई होत नाई, आठ पानांचा एक फॉर्म असते." चोवीस ठरवली. एक पान नाव, एक दादाचा फोटो, माझी प्रस्तावना दहा. उरली बारा. कवितेला सोळा लागतात.

कुलदीप म्हणाला, "मंग प्रस्तावना सहा पानाची करा ना. सोपं काम."

आजकालच्या पोरांना संशोधन म्हणजे काय ते कळत नाही. विचार करून सांगतो म्हटलं.

८ फेब्रुवारी

विचार केला. प्रस्तावनेत काहीच जास्तीचं नाही. कवितेत मात्र जास्तीचं आहे, हे कवीने स्वतः पेन्सिलने मान्य केलं आहे. 'जी मालक' पहिल्या, चौथ्या, सातव्या अशी दर तिसऱ्या कडव्यात ठेवली, बाकी ठिकाणी काढली. तीस ओळी वाचल्या. कडवी थोडी जवळ घेतली की बारा पानांत बसतं.

दादाची शेवटची इच्छाच पुरी होते आहे. असं प्रस्तावनेत लिहावं का? लिहिलं. मग खोडलं. मग 'कवीच्या संकेतानुसार' असं लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटचं कडवं:

वाड्यावून आली हाक
पुन्हा हाक, मोठी हाक
सोना बसे दारापाशी

पुढे काही नाही. तीनच ओळी. पंचेचाळीस कडवी चार ओळींची आणि हेच एक अपुरं. म्हणूनच ओळी १८३ येत होत्या, मला वाटत होतं बेरीज चुकते.

मोजणीत फिरून मूळ दगडावर आलो नाही तर नकाशा चुकलेला असतो. हद्द बंद व्हायलाच हवी. इथे तर हाक-हाक नंतर मालक हे यमकसुद्धा तयार आहे, नव्वद टक्के. दादा तेव्हा आजारी होता, शेवटची ओळ लिहायची राहून गेली असणार. मी ती घातली. जी मालक, जी मालक. छंद पूर्ण, यमक पूर्ण.

दादासाठी एवढं तरी करता आलं. डोळ्यांत पाणी आलं. गेल्या वर्षी विहारात सगळ्यांसमोर आलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

प्रूफ आलं. सुबक दिसतं. वहिनी फोनवर म्हणाल्या, छापायच्या आधी आचलले दाखवा, ती वाचून मले सांगन. मी म्हटलं, कार्यक्रमातच बघा, तोवर राहू द्या. त्या म्हणाल्या, "बरं. तुमाले समजते." फोन ठेवता ठेवता सांगणार होतो की वहिनी, मी तेव्हा वाचली नव्हती. त्यांनी विचारलं, मायाच्या गुडघ्याचं कसं आहे. गुडघ्याबद्दल बोलणं झालं.

मायाने प्रूफ हातात घेतलं. दहा पानं उलटून म्हणाली, "भासऱ्याची कविता कुठून सुरू होते?" दादाची कविता बाराव्या पानानंतर, म्हटलं. ती म्हणाली, "मंग फोटो तुमचाच लावा." आणि कुकर बघायला गेली.

तीनशे प्रती छापायला सांगितल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार. अकोला. सकाळी.

काल कार्यक्रम झाला. जसा झाला तसा लिहितो.

अकराला वंदना. विहार भरलं होतं, दीडेकशे लोक, पांढरी लुगडी, पुढे बायका. वहिनी पहिल्या ओळीत. प्रती वाटल्या. दोन-तीन शिक्षक प्रस्तावना चाळत होते, ते बघून बरं वाटलं. मग आचल माईकवर कविता वाचायला उभी राहिली.

मला माहीत नव्हतं की ही कविता या वस्तीत पाठ आहे. दादा दर पौर्णिमेला ओट्यावर बसून म्हणायचा आणि तीन ओळी झाल्या की चौथी बायका म्हणायच्या. मी अमरावतीत होतो. मला कधी बोलावलं नाही असं नाही.

पहिलं कडवं बरोबर गेलं. दुसऱ्यात तीन ओळी वाचून आचल पुढच्या कडव्यावर गेली तेवढ्यात बायकांनी म्हटलं, जी मालक, जी मालक. ती थांबली. तिसऱ्यातही तसंच. तिने पान बघितलं, उलटून बघितलं. सातव्या-आठव्यापासून तिने पुस्तकातल्या पहिल्या तीन ओळी तेवढ्या घेतल्या आणि चौथी बायकांवर सोडली. मग सुरळीत चाललं. मला वाटलं, निभावलं.

शेवटचं कडवं आलं. वाड्यावून आली हाक. पुन्हा हाक, मोठी हाक. सोना बसे दारापाशी. आणि सगळ्या बायकांनी एकाच वेळी तोंड मिटलं. कोणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी मान वर केली आणि समोर बघत राहिल्या. विहारात फक्त पंख्याचा आवाज होता.

आचल वाचण्याच्या ओघात होती. ओळ छापलेली होती. माईकवरून तिचा एकटीचा आवाज आला, जी मालक, जी मालक.

मागून कोणी म्हातारा बोलला, "काहून? पुन्हा गेला का तो वाड्यावर?" पोरं हसली. म्हाताऱ्याने थट्टा केली नव्हती, त्याला खरंच कळलं नव्हतं. आचलने पुस्तक बंद केलं, माझ्याकडे बघितलं आणि माईक सोडून आत गेली.

पुढे जेवणं झाली.  एका शिक्षकाने प्रस्तावना अभ्यासपूर्ण असल्याचं सांगितलं.

चारच्या सुमारास वहिनी मागच्या अंगणात पत्रावळी गोळा करत होत्या. मी गेलो. म्हटलं, वहिनी, दादानेच वहीत गोल केले होते. त्या म्हणाल्या, "केले ना. तुमच्याशी फोनवर बोलले त्या रोजपासून पेन्सिल घेऊन बसत. एक ओळ काढत अन् मले म्हणून दाखवत. मंग रबरानं पुसत. चार-पाच रोज असंच. मले म्हणे, जाई, बाकीचे ऐकतात, वाचून बोलला तो एकटा ललित. त्याचं ऐकाव लागते. मंग म्हणे, नाई काढता येत गं. सोना एकतीस सालं बोलला, मी कुठून कमी करू? पण तशीच छापली तं ललितले वाटन आपलं ऐकलं नाई." पत्रावळींचा गठ्ठा त्यांनी पायाने दाबला. "म्हणून छापलीच नाई. ठेवून देली."

मी म्हटलं, "वहिनी, मी तेव्हा वाचलीच नव्हती."

त्या दोरी शोधत होत्या. ती सापडली, गठ्ठा बांधून झाला. मग त्यांनी विचारलं, "अन् आता? आता तरी वाचली का, भाऊजी?"

मी म्हटलं, "मोजली."

 त्यांनी आचलला हाक मारून झाडू मागितला.

२५ फेब्रुवारी. अमरावती.

काल दुपारी परत आलो. माया आठवडाभर वहिनींजवळ राहणार आहे. निघताना आचलने सगळ्या प्रती माझ्यासोबत दिल्या. वाटलेल्यासुद्धा तिने घरोघरी फिरून परत आणल्या होत्या, दोनशे अठ्ठ्याण्णव. म्हणाली, "काका, ह्या इथं नाई ठेवत." ऑटोवाल्याने विचारलं, निवडणुकीचं आहे का साहेब. हो म्हटलं.

कुलदीपला फोन केला. म्हणाला, पुन्हा छापून देतो, पण हातात लग्नपत्रिका आहेत, दोन महिने लागतील. आणि या प्रतींचं काय करायचं? रद्दीत दादाचा फोटो जाईल.

दुसरा मार्ग आहे. काढलेल्या तीस ओळी प्रत्येक प्रतीत हाताने लिहायच्या आणि शेवटच्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवायची. प्रस्तावनेची दहा पानं ब्लेडने कापायची. रोज वीस प्रती. पंधरा दिवसांत सगळं दुरुस्त. १२ मार्चला अकोल्याला नेऊन देईन.

२६ फेब्रुवारी

प्रस्तावना आधी कापली. सगळ्या प्रतींची. हे लवकर झालं. पानं मागून सैल होतात, पण चालेल.

२८ फेब्रुवारी

ओळी लिहायला सुरुवात झाली नाही. कडवी जवळ घेतल्यामुळे मध्ये जागा नाही, बारीक निबेचा पेन हवा. आणला. पट्ट्या कापल्या, दोनशे अठ्ठ्याण्णव. रोज वीस जमेल असं वाटत नाही. दहा धरू.

१ मार्च, शनिवार

सकाळी नऊला बसलो. पहिली प्रत. कुठे ओळ काढली होती ते समजायला प्रत्येक कडवं वरून खाली वाचावं लागतं, दुसरा उपाय नाही. जी मालक, जी मालक. तीन ओळी वाचायच्या, चौथी लिहायची. बाराव्या वेळी अक्षर बिघडलं. सावकाश लिहू लागलो.

पोळा आला, बैल नटे
त्याचं जू बी आज सुटे
सोना उभा दोर धरी

हे कडवं मी दोनदा मोजलं होतं. सुटे-नटे, शंभर टक्के. त्याखाली ओळ लिहायला घेतली आणि जमेना. उठलो. दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या. मायाच्या साडीची घडी मला नीट येत नाही. परत येऊन लिहिली.

एका प्रतीला सव्वा तास लागला. वहिनींना फोन करून सांगावं वाटलं की वाचली. एकदा वाचून काय सांगायचं. केला नाही.

शेवटच्या पानावर गोंद लावून पट्टी ठेवली. जरा तिरपी बसली, सरळ केली. खालचे शब्द अजून पुसट दिसतात, वाळल्यावर कदाचित दिसणार नाहीत. पान चिकटू नये म्हणून पुस्तक टेबलावर उघडंच ठेवलं. बाकीच्या पट्ट्या उडत होत्या. पंखा बंद केला.